कात्री कुणाच्या हातात?

प्रश्न : साताऱ्याच्या एमआयडीसीत आमची स्टीलची कपाटं आणि ऑफिस फर्निचर बनवणारी कंपनी आहे. मी डिझाईन विभागाची प्रमुख, हाताखाली दोन मुलं. सहा महिन्यांत ऑर्डरी रोडावल्या, डीलरांकडची उधारी सुटत नाही. मालक म्हणतात, "नवीन मॉडेल काढायचंच नाही, तर डिझाईनवाले पोसायचे कशाला?" दिवाळीपर्यंत एकाला सोडायला सांगितलंय. त्यांना काय सांगू?

उत्तर : मालकांचा प्रश्न मला खटकला नाही. नवीन मॉडेल काढणं एवढंच तुमचं काम असेल, तर खरंच कशाला पोसायचे?

अशा वेळी लोक ॲपलचं उदाहरण देतात. अमेरिकेत मंदी असताना २००१ मध्ये आयपॉड आला, वगैरे. ते मालकांसमोर काढू नका. तेवढी गंगाजळी तुमच्या तिजोरीत नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

माझी फजिती सांगते. २००८-०९ च्या मंदीत मी पुण्यात मिक्सरच्या एका कंपनीत डिझाईन बघत होते. खर्चाला कात्री लावायची मीटिंग झाली. खरेदी, उत्पादन, हिशेब, सगळे होते. आम्हाला बोलावणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. पैशाची कटकट आपली नाही! खरेदीवाल्यांनी मिक्सरच्या बुडाचे रबरी पाय बदलले. रबर स्वस्त, जरा कडक. कागदावर बचत चोख दिसत होती. चार महिन्यांनी तक्रारी सुरू झाल्या, की मिक्सर ओट्यावरून सरकत जातो. एका बाईंनी तर सर्व्हिस सेंटरला येऊन प्रयोगच करून दाखवला. भांड्यात सुकं खोबरं घातलं, बटण फिरवलं, आणि यंत्र थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. बाई हाताची घडी घालून आमच्याकडे बघत उभ्या. पाय बदलून देण्यात वाचलेलं सगळं गेलं, वर डीलरांची बोलणी.

रबर बदलणं हा डिझाईनचाच निर्णय होता. तो आमच्याविना झाला, आणि त्यात माझी चूक खरेदीवाल्यांइतकीच होती.

पायांवरूनच आठवलं. १९२९ मध्ये, महामंदीच्या उंबरठ्यावर, रेमंड लोवी या डिझायनरकडे गेस्टेटनर कंपनीचं सायक्लोस्टाईल यंत्र, म्हणजे कागदाच्या प्रती काढायचं यंत्र, सुधारायला आलं. त्याचे पाय बाहेर फाकलेले होते, घाईत जाणारं कुणीही अडखळून पडेल असे. लोवींनी यंत्रावर माती थापून नवा आकार घडवला आणि पाय आत घेतले. छपाईची मूळ रीत तीच ठेवली.

आता तुमच्या शॉप फ्लोअरवर चला. पत्रा आठ बाय चार फुटी येत असेल. १९ इंच खोल कपाटाची फळी दुमडीसकट साधारण ५०० मिलिमीटर धरा. चार फूट म्हणजे १२२० मिलिमीटर. रुंदीत दोन फळ्या बसतात आणि वीतभराला थोडी कमी अशी पट्टी उरते. ती कुठे जाते? भंगारात जात असेल, तर त्याच पट्टीतून फळीखालचा आधार किंवा ड्रॉवरचं तोंड काढता येतं का, हे तुमच्या मुलांनी आठवडाभर मशिनपाशी उभं राहून बघू दे. मग हँडल, बिजागऱ्या, कुलुपं यांचे प्रकार मोजा. गोदामात किती माल अडकलाय, हे मालकांना रुपयांत दाखवा. थ्रीडी चित्रं नेऊ नका, कृपा करून.

आणि एक मागणी धरून ठेवा : पत्र्याचा गेज (जाडी), बिजागरी किंवा पावडर कोटिंग बदलायचं ठरलं, तर तुमच्या सहीशिवाय बदल होणार नाही. पुढच्या खर्चकपातीच्या मीटिंगला बोलावणं नसलं तरी जाऊन बसा. मानापमान नंतर.

एवढं करूनही एकाला सोडावं लागेल कदाचित. हिशेब जुळला नाही तर मालक तरी काय करणार? पण मग ते त्या मुलाला आत्ताच सांगा, तुम्ही स्वतः, समोर बसवून. दिवाळीच्या आठवड्यात एचआरकडून कळू देऊ नका. दोन-तीन महिने हातात असले, तर तो पुण्यात काहीतरी बघू शकेल.