वाचकांचे प्रश्न : डायव्हिंगआधी हृदयाची तपासणी

प्रश्न : वय ४७. डायव्हिंगच्या वैद्यकीय तपासणीत ईसीजी नॉर्मल आला, छातीत कधी दुखलेलं नाही. तरी डॉक्टर स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) सांगतात. ती खरंच लागते का?

उत्तर : लागते. ईसीजी काढतात तो निवांत पडलेल्या माणसाचा. त्यात लाँग क्यूटीसारखा लयीचा दोष किंवा जुन्या हार्ट अटॅकच्या खुणा दिसू शकतात, पण हृदयाची धमनी बरीच अरुंद झालेली असूनही आलेख स्वच्छ येऊ शकतो. पाण्यात उतरल्यावर पायांतलं अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीकडे सरकतं, थंडीने रक्तवाहिन्या आकसून दाब चढतो. त्यातच प्रवाहाविरुद्ध पोहण्याची किंवा सोबत्याला ओढून आणण्याची वेळ आली, तर धाप लागली म्हणून तिथे थांबता येत नाही.

ट्रेडमिलच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो : ताशी २.७ किमी व १० टक्के, मग ४ व १२, मग ५.५ व १४. हे तीन टप्पे पूर्ण झाले की क्षमता साधारण १० मेट, म्हणजे निवांत बसल्यावर लागते त्याच्या दहापट ऊर्जा, धरतात, आणि डायव्हरने तेवढं गाठावं. कठड्याला धरून चाललात तर हा आकडा फुगतो, म्हणून हात मोकळे ठेवा. रिपोर्टात नुसतं ‘निगेटिव्ह’ पाहून खूश होऊ नका. किती मेट झाले, टेस्ट का थांबवली आणि नाडी कुठवर गेली, ते वाचा. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे १४७. तिथवर नाडी गेलीच नसेल तर त्या ‘निगेटिव्ह’वर भिस्त ठेवता येत नाही.

प्रश्न : हृदयातलं छिद्र शोधायला बबल टेस्ट सगळ्याच डायव्हरांनी करावी का?

उत्तर : नाही. पीएफओ, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्मापूर्वीची झडप, साधारण चारातल्या एका प्रौढात पूर्ण मिटलेली नसते, आणि त्यांतल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही. डीकम्प्रेशनमुळे (वर येताना दाब घटून शरीरात बुडबुडे झाल्याने) मेंदू, मज्जारज्जू किंवा आतल्या कानाचा त्रास झाला असेल, त्वचेवर जाळीदार निळसर डाग उठले असतील किंवा ऑरासह (आधी डोळ्यांपुढे चमक वगैरे दिसून येणारं) मायग्रेन असेल, तर मात्र करावी. साध्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हे छिद्र सहज निसटतं. या टेस्टमध्ये सलाइनमध्ये थोडी हवा घुसळून ते हाताच्या शिरेतून देतात. त्या वेळी श्वास कोंडून जोर लावायचा आणि सांगतील त्या क्षणी सोडायचा. जोर कमी पडला तर छिद्र असूनही बुडबुडे हृदयाच्या डाव्या बाजूला जात नाहीत, म्हणून आधी एकदा सराव करून घ्या. छिद्र बंद करून घेतलं, तरी किमान तीन महिन्यांनी पुन्हा बबल टेस्ट होऊन ते पूर्ण मिटल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात उतरू नये.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं तर चालेल?

उत्तर : कृपया असं करू नका. आटोक्यातलं बीपी बहुधा आड येत नाही, पण गोळी कोणती हे डॉक्टरांना कळायलाच हवं. बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळीने नाडी हवी तेवढी वाढत नाही, श्रमाची ताकद घटते. शिवाय उच्च रक्तदाब असलेल्यांना पाण्याखाली असताना फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका जास्त असतो. श्रम न करता धाप, खोकला, गुलाबी फेस ही त्याची लक्षणं. अशा वेळी डाइव्ह तिथेच सोडून सुरक्षित वेगाने वर या, पाण्याबाहेर पडा, बसून ऑक्सिजन घ्या आणि रुग्णालय गाठा. बरं वाटलं तरी हृदयाची तपासणी झाल्याशिवाय पुन्हा उतरू नका, कारण हा त्रास पुन्हा होऊ शकतो.