वाचकांचे प्रश्न: ट्रेन नसलेला वेडिंग गाउन

प्रश्न: मला मागे जमिनीवर लोळणारी ट्रेन नको आहे. पण मनात भरलेल्या गाउनला साधारण अर्धा मीटर ट्रेन आहे. ती कापून घेतली तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण ट्रेन म्हणजे नुसती वाढीव लांबी नव्हे. तिच्यासाठी मागच्या कळ्या गुडघ्याखाली पसरट कापलेल्या असतात. लांबी काढली तरी हा घेर मागेच राहतो. ए-लाइन, म्हणजे कमरेपासून खाली रुंदावत जाणाऱ्या गाउनमध्ये तो खपून जातो. गुडघ्यापर्यंत अंगाला बसणाऱ्या गाउनची मागची बाजू मात्र फुगलेली दिसते आणि कळ्यांच्या शिवणी उसवून घेर कमी करावा लागतो. तळाला लेसची किनार असेल तर काम फार वाढतं: लेस सोडवायची, वरचं कापड, नेट आणि अस्तर वेगवेगळं कापायचं, मग लेस हाताने पुन्हा बसवायची. कड आखूड झाल्याने लेस उरते. तिचा जोड नक्षीच्या वळणात लपवला नाही तर लगेच डोळ्यात भरतो.

खरेदी व्हायची असेल, तर आमचं स्पष्ट मत: मुळातच फ्लोअर-लेंग्थ कापलेला गाउन घ्या. ‘स्वीप ट्रेन’ लिहिलेला नको. ती छोटी असली तरी लोळतेच.

प्रश्न: मग खालची कड जमिनीपासून किती वर ठेवायची?

उत्तर: समोर दीड ते दोन सेंटीमीटर, हिरवळीवर चालायचं असेल तर अडीच-तीन. माप घेताना त्या दिवशीचीच पादत्राणं आणि आतला पेटिकोट घाला. 5 सेंटीमीटर टाचेवर मापलेला गाउन सपाट चपलेवर घातला की समोरच पायात येतो. टाचण्या लावताना वाकून पाहू नका. वाकलं की समोरची कड खाली येते आणि माप चुकतं. उरेब (तिरका) कापलेला शिफॉन किंवा क्रेप आधी एक-दोन दिवस टांगून ठेवा. तो वजनाने ओघळतो, तेही सगळीकडे सारखा नाही. शिवण्याआधी टाचण्यांवरच चार पावलं चाला, एक पायरी चढून पाहा.

प्रश्न: ट्रेन नसल्याने मागून गाउन ओकाबोका दिसेल का?

उत्तर: पाठीवर बटणांची रांग, खोल गळा किंवा कमरेशी बो असेल तर नाही. व्हेल, म्हणजे डोक्यावरून मागे सोडायची झिरझिरीत ओढणी, हाताच्या बोटांच्या टोकांपर्यंतचीच घ्या. जमिनीपर्यंत लांब व्हेल घेतलीत, तर ट्रेन टाळून पुन्हा तेच सांभाळत बसाल.