‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणाऱ्या वर्गासाठी

इंग्रजीच्या वर्गात विद्यार्थी पाठ केलेली विशेषणं बोलताना वापरत का नाहीत, हा तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण माझ्याही वर्गात हे दरवर्षी घडतं. प्रौढ विद्यार्थ्यांना भावना आणि मतं सांगणाऱ्या ६० विशेषणांची यादी दिली, त्यांनी ती पाठही केली, पण बोलताना ‘गुड’, ‘नाइस’ आणि ‘बॅड’च्या पुढे गाडी सरकत नाही. सरकलीच तर ‘आय ॲम बोअरिंग’.

यादी काही दिवस बाजूला ठेवा. शब्द कमी पडत नाहीयेत, वाक्याचा साचा अडतोय. मराठीत भावना बहुतेक वेळा नाम असते आणि ती आपल्याकडे चालून येते: मला राग आला, मला भीती वाटली, मला कंटाळा आला. इंग्रजीत या ‘मला’चा ‘मी’ करायचा आणि नामाचं विशेषणही करायचं. दोन उड्या एकदम. त्यात ‘आय ॲम टेन्शन’ निघालं तर नवल काय? ‘बोअर झालं’ तर मराठीत इतकं मुरलंय की ‘आय ॲम बोअर’ त्यांच्या कानाला खटकतच नाही. सुरुवातीला भूक, राग, भीती, आनंद, लाज, काळजी अशा आठ-दहा भावना घ्या आणि फक्त हे रूपांतर तोंडी घोटून घ्या. ‘मला काळजी वाटते’चं ‘आय ॲम वरीड’ न अडखळता आलं की पुढे.

मग बोअर्ड आणि बोअरिंग. ‘एड माणसांना, इंग वस्तूंना’ हा नियम मीही बरीच वर्षं शिकवला आणि सोडून दिला. माणूसही बोअरिंग असू शकतो, चांगलाच असू शकतो, आणि तिथे हा नियम विद्यार्थ्याला तोंडघशी पाडतो. खरं तर हा फरक आपल्या भाषेत तयारच आहे: कंटाळलेला आणि कंटाळवाणा, थकलेला आणि थकवणारा, गोंधळलेला आणि गोंधळात टाकणारा. ज्याच्यावर परिणाम झाला तो ‘लेला’, म्हणजे इंग्रजीतला ‘एड’; जो परिणाम करतो तो ‘णारा’ किंवा ‘वाणा’, म्हणजे ‘इंग’. एवढं फळ्यावर आलं की चूक सुधारायला व्याख्यान लागत नाही. एक बाई जोरात म्हणाल्या, ‘आय ॲम कन्फ्युजिंग!’ मी एवढंच विचारलं, ‘कोणाला?’ त्या थांबल्या, हसल्या आणि स्वतःच ‘कन्फ्यूज्ड’ म्हणाल्या.

काही जोड्या या साच्यात बसत नाहीत: स्केअर्डची जोडी स्केअरी, स्ट्रेस्डची स्ट्रेसफुल, इम्प्रेस्डची इम्प्रेसिव्ह. त्यांची वेगळी यादी करू नका, वाटेत भेटतील तशा द्या.

मत सांगायला ‘आय थिंक’ सगळ्यांना येतं, पण मला ‘फाइंड’ जास्त आवडतं, कारण ते थेट आपलं ‘वाटणं’ आहे. ‘मला सिनेमा कंटाळवाणा वाटला’ म्हणजे ‘आय फाउंड द फिल्म बोअरिंग’. ‘मला हे अवघड वाटतं’ म्हणजे ‘आय फाइंड इट डिफिकल्ट’. इथे मात्र ‘सापडणे’ हा अर्थ आधी डोक्यातून काढायला लावा, नाहीतर लोक सिनेमा शोधत बसतात.

सरावासाठी चेहऱ्यांची चित्रं मी वापरत नाही. हसरा चेहरा दाखवला की वर्ग ‘हॅपी’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी एक घटना द्या, आणि प्रत्येकाने विशेषणासोबत ‘बिकॉज’ जोडलंच पाहिजे अशी अट घाला. मी एकदा दिलं होतं: उद्याची परीक्षा पुढे ढकलली. बहुतेकांनी ‘रिलीव्ह्ड’ म्हटलं. एक मुलगी ‘डिसअपॉइंटेड’ म्हणाली, कारण तिचा अभ्यास पूर्ण झाला होता आणि आता तो विसरणार होता. दुसरा म्हणाला, ‘अनॉइड’, कारण त्याने सुट्टीचे बेत आखले होते. पुढची १५ मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही. ते तीन शब्द वर्ष संपेपर्यंत कोणी विसरलं नाही.

इन, ऑफ, अबाउट असे शब्दयोगी शब्द (प्रिपोझिशन) विशेषणाला चिकटवूनच शिकवा: इंटरेस्टेड इन, अफ्रेड ऑफ, वरीड अबाउट, प्राउड ऑफ. नंतर जोडायला गेलात तर बसत नाहीत. ‘व्हेरी’ही सगळीकडे चालत नाही. ‘व्हेरी टायर्ड’ ठीक, पण ‘एक्झॉस्टेड’मध्ये ‘अतिशय’ आधीच भरलेलं आहे, तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ शोभतं. कुठलं कुठे हे आठवेना तर ‘रिअली’ म्हणा, ते दोन्हीकडे चालतं.

उच्चाराचंही थोडं बघा. ‘बोअर्ड’ला कित्येक जण ‘बोअरेड’ म्हणतात. शेवटच्या ‘एड’चा ‘इड’ फक्त ट किंवा ड या ध्वनीनंतर होतो: एक्सायटेड, डिसअपॉइंटेड. ‘शॉक्ड’ आणि ‘एम्बॅरस्ड’च्या शेवटी तर चक्क ‘ट’ ऐकू येतो.

आणि हो, ‘नर्व्हस’. आपल्याकडे निकाल वाईट लागला, मन खट्टू झालं, तरी माणूस ‘नर्व्हस झालो’ म्हणतो. इंग्रजीत नर्व्हस असतो तो निकालाच्या आधी. निकालानंतर तो ‘अपसेट’ किंवा ‘डिसअपॉइंटेड’. हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात घेते.