बॉन्ड तोडायला पर्सनल लोन? आधी इन-हँड तरी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा की इंदूरच्या विजयनगरमधल्या एका कंपनीत सव्वा वर्ष झालं, हातात 21,000 येतात, दोन वर्षांच्या बॉन्डचे 9 महिने बाकी आहेत आणि मधेच सोडलं तर 1 लाख भरायचे. आता तिथल्याच सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीची वर्षाला 4.80 लाखांची ऑफर आलीये, तर 16 टक्क्यांनी पर्सनल लोन काढून मोकळी होऊ का. बाबा म्हणतात पहिलीच नोकरी आहे, गुपचूप कर.

बाबांचं मला पटत नाही, पण लोनचंही नाही.

तू 40,000 वजा 21,000 म्हणजे महिन्याला 19,000 जास्त असं धरलंयस आणि गडबड तिथेच आहे, कारण 40,000 ही सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आला, पाच वर्षांनी मिळाली तर मिळणारी ग्रॅच्युइटी आली, 'परफॉर्मन्स' चांगला दिसला तर देऊ म्हणतात तो व्हेरिएबल आला, मग तुझ्या वाट्याचा पीएफ कापला जाणार, प्रोफेशनल टॅक्स जाणार. व्हेरिएबल 10 टक्के धरला तर हातात 31,000च्या आसपास पडतील, म्हणजे फायदा 19 नाही, 10 हजारांचा. शिवाय नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे, तो तर काढावाच लागेल, म्हणजे खरे वाचतात 7 महिने. सात दाहे सत्तर, 70,000. आणि लोन दोन वर्षांत फेडलंस तर हप्ता 4,900च्या घरात, एकूण जातात 1.17 लाख. सत्तर कमवायला एक लाख सतरा कोण घालतं गं?

पण म्हणून नऊ महिने मान खाली घालून बसायचं असंही नाही. 1872च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, भरपाई मिळते ती वाजवी तेवढीच. (बॉन्ड म्हणजे नुसता कागद, काही होत नाही, असं सांगणाऱ्या मित्रांचं ऐकू नकोस, मे 2025मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा 2 लाखांचा बॉन्ड वैध ठरवलाय.) तेव्हा एचआरला ईमेल टाक, तोंडी नको, की माझ्या ट्रेनिंगवर नेमका किती खर्च झाला ते कळवा आणि राहिलेल्या महिन्यांच्या हिशोबाने रक्कम ठरवा. 24पैकी 7 महिने म्हणजे साधारण 29,000. एवढ्यात सुटत असेल तर तुझ्या 60,000च्या एफडीतून भर आणि खुशाल जा. नव्या कंपनीलाही विचार, बऱ्याच कंपन्या ही रक्कम स्वतः देतात, फक्त वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात, ती अट नीट वाच. पूर्ण लाखावरच अडून बसले तर मात्र थांब.

आणि एचआर जे म्हणतं ना की मार्जिन नाही म्हणून वाढ नाही, तर सरकारचाच 2024-25चा आर्थिक पाहणी अहवाल सांगतो की 2023-24मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा 22.3 टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या जेमतेम 1.5 टक्क्यांनी. तुझी कंपनी छोटी आहे, तिचा ताळेबंद मी पाहिलेला नाही, पण फ्रेशरला तीन-साडेतीन लाख हा आकडा मी कित्येक वर्षं तसाच बघतोय आणि रामबागेतलं खोलीचं भाडं काही तसंच राहिलं नाही. म्युच्युअल फंडात तुझी महिन्याला 2,000ची एसआयपी आहे त्यात याच नफ्याचा कण तुला मिळतो, गंमतच आहे, पण ती 2,500 कर असं मी आत्ता सांगणार नाही. 21,000त काटकसरीला जागाच नाहीये, आधी पगार वाढू दे.

दोन कामं आजच कर. पीएफचं पासबुक उघडून दर महिन्याचे पैसे खरंच भरलेत का ते बघ, आणि नोकरी बदललीस तर ते काढू नकोस, त्याच यूएएनवर (पीएफचा तुझा कायमचा नंबर) ट्रान्सफर कर. दुसरं, जॉइनिंगला ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतल्या असं लिहिलंयस, त्या राजीनामा टाकायच्या आधी काहीही कारण सांगून परत घे. रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) न घेता मात्र अजिबात निघू नकोस, सुपर कॉरिडॉरवाले पहिल्याच दिवशी तेच मागतील.