पिल्लू खात नाही? उंदराआधी टब बघा

या खेपेला आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे: साप खात नाही. त्यातलं मोहोळचं पत्र आधी घेतो, कारण ते थांबण्यासारखं नाही.

शेतात खोदकाम करताना अजगराचं पिल्लू सापडलं. वीतभर आहे, अंगावर सुंदर गोल ठिपके आहेत. झाकणाला भोकं पाडून बरणीत ठेवलंय. चार दिवसांत बेडूक दिला, अंडं दिलं, काहीच खात नाही. नुसतं फुसफुसतं. काय देऊ? (मोहोळ तालुका)

काहीही देऊ नका आणि झाकण उघडू नका. अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हाच दीड-दोन फुटांचं असतं, वीतभर अजगर नसतो. एवढंसं, ठिपक्यांचं, जोरात फुसकारणारं आणि तेही या दिवसांत, म्हणजे घोणसच धरून चाला. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते. मे ते जुलै हा तिचा पिल्लं द्यायचा मुख्य काळ. तिचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. बरणीत बिनविषारी डुरक्या घोणसही असू शकते, पण त्याची खात्री तुम्ही बरणीत डोकावून करायची नाही.

वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते येईपर्यंत बरणी सावलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. चुकून दंश झालाच तर दोरी बांधणं, चिरा देणं यात वेळ न घालवता, शक्य तितकं कमी हलत ग्रामीण रुग्णालय किंवा सोलापूरचं सिव्हिल गाठा. आणि पाळायचा विचार असेल तर सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्या रानातले साप घरी ठेवता येत नाहीत. खालची उत्तरं परदेशी जातींच्या, पाळीव पैदाशीतल्या सापांबद्दल आहेत.

सर, तीन आठवड्यांपूर्वी कॉर्न स्नेकचं पिल्लू घेतलं. विकणारा म्हणाला, मस्त खातं. माझ्याकडे एकदाही खाल्लं नाही. रोज रात्री पिंकी (उंदराचं बिनकेसांचं नवजात पिल्लू) समोर धरतो, नाकाला लावतो, ते मागे सरकतं. हाताची सवय व्हावी म्हणून रोज अर्धा तास बाहेरही काढतो. खूप टेन्शन आलंय. (जुळे सोलापूर)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे: 'रोज'. नव्या सुनेच्या ताटाभोवती सगळं घर उभं राहिलं तर तिच्या घशाखाली घास उतरेल का? सहा-सात ग्रॅमच्या जिवाला तुमचा हात म्हणजे शिकारीच. नाकाला टेकवलेली पिंकी त्याला भक्ष्य वाटत नाही, हल्ला वाटतो.

आजपासून एक आठवडा हात लावायचा नाही. पाणी बदला, बाकी काही नाही. मोठी टाकी असेल तर पिल्लाला बुटांच्या खोक्याएवढ्या, हवेची भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या टबात हलवा. दोन्ही टोकांना लपायची जागा द्या, आणि ती अंग घासेल इतकी अरुंद असू द्या. पाठ आणि कुशी कशाला तरी टेकलेल्या असल्या की साप निवांत होतो. प्रशस्त घरकुलात माणूस खूश होतो, सापाचं पिल्लू नाही.

तापमान जमिनीलगत मोजा, टबाच्या भिंतीला चिकटवलेल्या गोल काट्यावर जाऊ नका. वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो. कॉर्न स्नेकला एका टोकाला २८ ते ३० अंश आणि दुसऱ्या टोकाला २४-२५ असं मिळालं पाहिजे. हीट मॅट (टबाखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) वापरत असाल तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, वापरूच नका.

विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: याने शेवटचं कधी आणि काय खाल्लं? 'मस्त खातं' हे उत्तर नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू आठ-दहा दिवसांनी पहिली कात टाकतं आणि साधारण त्यानंतरच खायला लागतं. तोवर पोटातला बलक पुरतो. पुष्कळदा पिल्लं एकदाही न जेवता विकली जातात आणि पहिला घास भरवायचं काम आपल्या गळ्यात पडतं.

आठवडा झाला की संध्याकाळनंतर एकदाच प्रयत्न करा. पिंकी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढीच असावी. गोठवलेली असेल तर पिशवीसकट कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग थोड्या गरम पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी करा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजते आणि फुटते. पिंकी लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवा, दिवा घालवा आणि खोलीबाहेर जा. झाकण उघडून बघायचा मोह सकाळपर्यंत आवरा. नाही खाल्ली तर फेकून द्या आणि पुढचा प्रयत्न पाच-सहा दिवसांनी. परत गोठवू नका. बाहेरगावाहून मागवलेला माल वाटेत विरघळून पुन्हा गोठलेला असेल, तर तोही पिशवीतूनच ओळखू येतो: पोट हिरवट पडलेलं आणि वास. तसला घेऊ नका.

घरात पकडलेला उंदीर मात्र कधीच नको. शेजारच्या घरात औषध खाऊन तो तुमच्याकडे आलेला असू शकतो.

मुलाचा बॉल पायथन दीड वर्षाचा आहे. पाडव्याला मोठी काचेची टाकी आणली, तेव्हापासून उपाशी आहे. वजन ६४० ग्रॅम होतं, आता ६१५. सासूबाई म्हणतात थोडं दूध देऊन बघा. (होटगी रोड)

ताई, पंचवीस ग्रॅम म्हणजे चार टक्केसुद्धा नाही. दहा टक्क्यांच्या आत असेपर्यंत मी बॉल पायथनची काळजी करत नाही. ही जात उपवासासाठी प्रसिद्ध आहे. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून जाड कागद लावा, जुन्या टबातली लपायची जागा न धुता आत ठेवा. गरम टोक ३१-३२ अंश आणि दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास हवा. एवढ्यानं भागलं नाही तर सरळ जुना टब. वजन आठवड्यातून एकदाच करा.

दूध नको. सापाला ते पचत नाही. नागपंचमीला तहानेनं व्याकूळ केलेला नाग दुधाला तोंड लावतो, तो पाणी समजून. सासूबाईंना सांगा, स्वच्छ पाण्याची वाटी भरून ठेवलीत तर तेवढीच सेवा पुरे.

मुलाला हेही विचारा: नोंदणी केली का? बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही.

आमचं पिल्लू एप्रिलपर्यंत छान खायचं. आता दिवसभर पाण्याच्या वाटीत पडून असतं, पिंकीकडे बघत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. (विडी घरकुल)

साप वाटीत बसून राहतो तेव्हा बहुतेक दोन कारणं असतात: गोचिडीसारखे बारीक किडे, नाहीतर उष्मा. वाटीच्या तळाशी काळे ठिपके दिसले तर किडे, मग डॉक्टरकडे जा. नाही दिसले तर तुमचा स्लॅब.

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळीस-बेचाळीसच्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो. पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात, त्यामुळे सगळी उष्णता कशी द्यायची ते सांगतात. आपल्याला चार महिने ती काढायची असते. हीट मॅट बंद करा. टब खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, फरशीवर ठेवा. खालच्या मजल्यावर कोणी ओळखीचं असेल तर दुपारपुरता तिथे. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून टबाच्या एका बाजूला बाहेरून टेकवा. दिवे गेले तरी दोन-तीन तास निभतात. कूलर खोलीत चालू दे, झोत टबावर नको. टबातलं थंड टोकसुद्धा ३४-३५ च्या खाली येत नसेल तर पिंकी दाखवूच नका. एवढ्या उष्म्यात खाल्लेलं बाहेर पडू शकतं.

कोरड्या हवेत कातही तुकड्यातुकड्यांनी निघते. डोळे निळसर, धुरकट झाले की साप कातीला आला समजा. त्या दिवसांत तो खात नाही, आग्रहही करू नका. लपायच्या एका डबीत ओलसर शेवाळ किंवा पिळलेलं फडकं ठेवा.

व्हिडिओत पिंकीचं डोकं टोचायला सांगतात, पालीचा वास लावायला सांगतात, एक जण तर तोंड उघडून कोंबतो. यातलं खरं काय? (बार्शी)

सगळंच खरं आहे, पण क्रम महत्त्वाचा, आणि तापमान-टब नीट करून दोन-तीन प्रयत्न वाया गेल्याशिवाय यातलं काहीच नको. आधी पिंकी कोमट पाण्यानं, बिनसाबणाची, धुवून पुसून द्या. मग पिल्लू आणि पिंकी दोघांना भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात रात्रभर ठेवा आणि डबा नेहमीच्याच टबात ठेवा. अंधार आणि अडचण, बऱ्याच पिल्लांना एवढंच हवं असतं. मग मेलेल्या पिंकीच्या डोक्याला टाचणी टोचून थोडा द्रव बाहेर येऊ द्या. दिसायला किळसवाणं आहे, पण उपयोग होतो.

पालीची युक्ती कॉर्न स्नेकवर चालते, कारण रानात त्याची पिल्लं सरडे आणि बेडूकही खातात. पण भिंतीवरची पाल परजीवी घेऊन येते, आणि सापाला तीच चव लागली तर पुढे उंदरावर आणणं कठीण. मी ती शेवटी ठेवतो.

कोंबणं तुमचं काम नाही. जबडा दुखावतो, घास श्वासनळीत जातो, आणि घाबरलेलं पिल्लू पुढच्या वेळी आणखी मागे सरकतं. पाठीचा कणा उठून दिसायला लागला, कातडीला सुरकुत्या पडल्या, तोंडात बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा.

खाल्लं, पण तिसऱ्या दिवशी उलटून टाकलं. लगेच दुसरी पिंकी देऊ का? (अक्कलकोट रोड)

नको. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी. तेवढ्यात गरम टोकाचं तापमान तपासा. मग आधीपेक्षा लहान पिंकी द्या, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. पुन्हा उलटलं तर विष्ठेचा ताजा नमुना घेऊन डॉक्टरकडे जा.