एकटीनं विचारलं तर काय होते?

"मावशी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली सून. आमच्या रेशनकार्डावर पाच माणसं, कंट्रोलवरून (रेशन दुकानातून) पंचवीस किलो धान्य भेटाले पाहिजे पण घरी आणून मोजलं तं तेवीसच भरते. पावती कधीच देत नाही. गावात सगळ्याइले माहीत आहे पण कोणी बोलत नाही. कंट्रोलवाला आमच्या ह्यांचा आतेभाऊ लागते. मी विचारतो म्हटलं तं हे म्हणतात, तू एकटी बोलून का दिवे लावनार हायेस? सासूबाई गप्प. पुढच्या महिन्यात त्याच्या पोरीचं लग्न आहे, तिथं कोणत्या तोंडानं जाऊ?"

पोरी, पयले तं शाब्बास, कारण तू घरी आणून मोजलंस. बाकी गाव नुसतं कुरकुरते, तुझ्याकडे आकडा आहे. आता हिशेब कर, कार्डामागं दोन किलो आणि गावात समजा दोनशे कार्डं, तर महिन्याला चार क्विंटल झाले. तुझ्या नवऱ्याला दोन किलो दिसतात म्हणून त्याला वाटते कशाला नातं खराब करायचं, आणि त्याचं अगदीच चुकते असंही मी म्हणणार नाही, त्याच गावात राहायचं आहे, वेचणीला माणूस लागलं की त्याच भावाच्या घरी जायचं आहे. म्हणून त्याच्याशी "तुमचा भाऊ चोर आहे" इथून सुरुवात करू नको. "आपले दोन किलो कमी येतात, मी फक्त पावती मागते" एवढंच म्हण.

आणि दुकानातही तेवढंच म्हणायचं. अंगठा लावला की मशीनमधून पावती निघते, त्यावर किती किलो दिले ते छापून येते, ती मागायचा तुझा हक्क आहे, उपकार नाही. पावतीवर पंचवीस आणि काट्यावर तेवीस, मग तुला आवाज चढवायचीच गरज नाही, कागदच बोलते. मोजायचं तिथंच, सगळ्यांसमोर, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करून. कंट्रोलवाला म्हणेल गोदामातूनच कमी येते, आणि तसं होतही असेल, पोत्यात तूट येते अशी दुकानदारांची ओरड काही आजची नाही. पण मग त्यानं तहसीलला लिहावं ना बाप्पा, तुमच्या लेकराच्या ताटातून कशाला भरून काढते? प्राधान्य कार्डाला माणशी पाच किलो हे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलेलं आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. फुकट मिळते म्हणून कमी घ्यायचं असं त्यात कुठं लिहिलं नाही.

एकटीनं काय होते म्हणतेस तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं बघ. तिथं ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळे राजी झाले तरच निर्णय, एक जण जरी नाही म्हणाला तरी परत बसून बोलतात. त्याच गावाला २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्याकडे अशी पद्धत नाही हे मलाही कळते, आपल्या ग्रामसभेत अर्ध्या वेळा कोरमच भरत नाही. पण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते आणि तिथं तुझ्या नवऱ्याचा भाऊ बसलेला नसणार. तिथं आरोप करू नको, फक्त विचार, "तुमच्या घरी किती भरते?" मला वाटते पयले सगळ्या एकमेकींकडे पाहतील, मग एखादी म्हणेल "आमचंही कमीच येते", आणि तिथून पुढं ते तुझं एकटीचं राहणार नाही. सासूबाईंना सोबत ने. त्या गप्प आहेत म्हणजे विरोधात आहेत असं समजू नको, भाच्याच्या विरोधात पयला शब्द त्यांना काढायचा नसेल.

एवढं करूनही त्यानं तोंड वाकडं केलं, पुढच्या वेळी "मशीन बंद आहे" म्हणून हेलपाटे मारायला लावले (असं करतात, तयारी ठेव), तर तुझं कार्ड शेजारच्या गावच्या कंट्रोलवरही चालते, तिथं जाऊन अंगठा लाव. भाडं जाईल पण गिऱ्हाईक तुटलं की त्यालाही झोंबते. तक्रारीसाठी १९६७ हा फोन आहे, केला तर तक्रारीचा नंबर लिहून घे, आणि पुरवठा निरीक्षकाला अर्ज द्यायचाच झाला तर पाच-सात बायांच्या सह्यांचा दे, तुझ्या एकटीच्या नावाचा नको.

राहिलं लग्न. बिनधास्त जा, हळदीलाही जा, आहेर कर, पोरीचा काय दोष त्यात. कोणी टोमणा मारला तर हसून म्हण, "भाऊजी, तांदूळ अक्षतांना तरी पुरले ना?" आणि जेवायला बस.

— मावशी