जुलाबानंतर पायाला मुंग्या: बी-१२चं नंतर बघा, आधी न्यूरॉलॉजिस्ट

तुमच्या वहिनींना दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले, आता दोन्ही पावलांना मुंग्या येतात, कालपासून जिना चढवत नाही, आणि जवळच्या डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं देऊन सोमवारी बोलावलंय. वाचून पोटात गोळा आला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातापायांची ताकद जाते) साथ आली तेव्हा आमच्या घरी हे याच क्रमाने झालं. आम्ही किरकटवाडीचे, पेशंट माझा नवरा.

सोमवारची वाट बघू नका. न्यूरॉलॉजिस्ट आणि व्हेंटिलेटर दोन्ही असतील अशा हॉस्पिटलात आजच न्या. मी डॉक्टर नाही, जीबीएसच आहे असंही म्हणत नाही; ते गुडघ्यावर हातोडी मारून बघणाऱ्याने ठरवायचं. पण पाणी पिताना ठसका लागतोय, मान उचलत नाहीये, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येत नाहीयेत, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या रांगेत थांबायचं नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. श्वासाचे स्नायू थकत आले तरी तो आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो.

बाकी लक्षणं तुम्ही वाचली असतीलच. मला सांगायचंय ते टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने कॅशलेसची मंजुरी बघणाऱ्यांच्या, खिडकीबद्दल. डॉक्टर म्हणाले, आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं अँटिबॉडीचं औषध) लगेच सुरू करू. दर किलो वजनाला रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस; म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम. खर्च लाखांत. पॉलिसी कॅशलेस, म्हणून आम्ही निवांत. तर तिकडून उत्तर आलं: एनसीव्ही (नसांची विजेची तपासणी) नॉर्मल, पाठीतून काढलेल्या पाण्यातलं प्रोटीन नॉर्मल, मग निदान कशावरून? अहो, पहिल्या आठवड्यात हे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात! हे त्या खिडकीमागे कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असेल त्याच्याशी बोलू देत नव्हते. ‘क्वेरी आलीये मॅडम, मेल केलाय’, एवढंच. रात्री स्वतःच्या हाताने पाणी प्यायलेला माणूस सकाळी हात उचलेना. शेवटी दिरांनी एफडी मोडून डिपॉझिट भरलं, तेव्हा पहिली बाटली लागली. पुढे कंपनीने क्लेम पास केला. म्हणजे आजार खरा होता हे त्यांनाही मान्य! मधल्या काळात गेलेली ताकद कुठल्या फॉर्मवर मागायची?

तर अॅडमिशनच्या कागदावर नुसतं ‘अशक्तपणा व मुंग्या’ लिहू देऊ नका. जुलाब कधी झाले, पाय कधीपासून गेले, हातापायांची ताकद किती ग्रेडची आहे, रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावर पाय उडतो का) आहेत की नाहीत, हे सगळं तारखांसकट हवं. क्वेरी आलीच तर हे निदान तपासणीवरून केलंय असं न्यूरॉलॉजिस्टकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि उत्तर येईपर्यंत औषध थांबवू नका. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा आजार बसतो, पण ते हॉस्पिटल योजनेत असावं लागतं. आत शिरल्याशिरल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा. प्लाझ्मा बदलण्याचा उपचारही तितकाच चालतो, खर्चाचा प्रश्न असेल तर सुरुवातीलाच विचारा. आयव्हीआयजी दिल्यावर लगेच तो केला तर दिलेलं औषधच धुऊन निघतं. नुसत्या स्टेरॉइडवर कुणी भागवत असेल तर मी तरी दुसरं हॉस्पिटल बघेन.

पाण्याचं विचारलंत. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही, वहिनींचं ताट-पेला वेगळा काढू नका. पण त्याआधीचे जुलाब ज्याने झाले ते घरातल्या सगळ्यांच्या पोटात गेलेलं असू शकतं. २०२५ मध्ये काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस. म्हणून पाणी खळखळून उकळा, नुसतं कोमट नको. आरओ आहे म्हणून सोसायटीची टाकी विसरू नका. भाजी आणि भांडी त्याच टाकीच्या पाण्यात धुतली जातात. टँकरच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते ओटी टेस्टने (पाण्यात औषधाचे थेंब टाकून रंग बघायचा) तिथल्या तिथे कळतं, पाणी पिवळसर व्हायला हवं. सेक्रेटरींनी तोंड वाकडं केलं तरी टँकर रिकामा होण्याआधी ती करायला लावा.

आणि चिकन. तेव्हा आमच्या बिल्डिंगीत निम्म्या लोकांनी चिकन सोडलं आणि टँकरचं पाणी तसंच पीत राहिले! नीट शिजवलं तर खा की. कच्चं मात्र नळाखाली धुऊ नका, शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात. सुरी आणि पाटही वेगळे ठेवा.

हॉस्पिटल ठरलं की इथे लिहा. क्वेरीला आम्ही दिलेलं उत्तर माझ्याकडे आहे, नावं खोडून पाठवते.